कासवांचे कंट्रोलर

आमच्या शेजारी राहणारे सोनटक्केकाका आम्हाला सांगानेर म्हणत.

कारण एवढंच की जयपूरच्या रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर त्यांच्या दक्षिणेला होतं, आणि जयपूरहून सवाई माधोपूरकडे गाडी निघाली की वाटेत सांगानेर लागतं. सकाळी मी चहाचं आधण ठेवत असायची आणि भिंतीपलीकडून खणखणीत आवाज यायचा, "सांगानेर, बोला! दूध आलं का?"

"आलं, काका!"

"कधी आलं?"

"मघाशीच."

"मघाशी म्हंजे कधी? टायमिंग सांगा नं. टायमिंग नाई तं दूध आलं कसं म्हनता?"

मागच्या ओळीतले मीणाजी फुलेरा होते. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला बांदीकुई होता. त्याला हे नाव बिलकूल पसंत नव्हतं, कारण त्याची सासुरवाडी बांदीकुईची होती आणि तिथल्या एकाही माणसाशी त्याचं पटत नव्हतं. पण काकांपुढे इलाज नव्हता. "हॅलो बांदीकुई, माझी पँट सुटली का?" असं त्यांनी भर रस्त्यात विचारलं की कॉलनीतल्या मराठी बायका पदर तोंडावर घेऊन घरात पळत.

काका सेक्शन कंट्रोलर होते. ज्यांचा रेल्वेशी संबंध तिकिटापुरताच आहे त्यांच्यासाठी सांगते. गाडी ड्रायव्हर चालवतो असं आपल्याला वाटतं. तिला खरा चालवतो तो एका बंद खोलीत कानाला फोन लावून बसलेला माणूस. लाइन एकेरी असते, समोरून दुसरी गाडी येत असते. कोणाला कुठल्या स्टेशनात बाजूला उभं करायचं आणि कोणाला आधी सोडायचं, हे तो ठरवतो. स्टेशनमास्तर त्याला फोनवर सांगतात, गाडी आली, गाडी गेली, आणि तो समोरच्या कागदावर पेन्सिलीने रेघा ओढतो. काकांनी जन्मभर गाड्यांना वाटा करून दिल्या आणि ड्यूटीवर असताना त्यातली एकही डोळ्यांनी पाहिली नाही. त्या खोलीला खिडकीच नव्हती.

मूळचे ते अकोल्याचे. नोकरी रतलाम, अजमेर आणि जयपूर. म्हणजे पाण्याचा आणि त्यांचा संबंध नळाला येईल तेवढाच. मुंबईला हेडऑफिसात ते दोनदा गेले होते. खिडकीतून समुद्र दिसतो असं तिथल्या शिपायाने सांगितलंही होतं, पण दोन्ही वेळा खिडकीशी साहेब बसलेले होते आणि साहेब जाडे होते. तर अशा या माणसाने वयाच्या पन्नाशीनंतर हिंदी महासागराचा चार्ज घेतला.

झालं असं की रेल्वेच्या दवाखान्यात दात दाखवायला गेले असताना त्यांनी कुठलंसं मासिक वाचलं. त्यात समुद्री कासवांबद्दल होतं. दात तसाच ठेवून काका तडक माझ्याकडे आले. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे पृथ्वीवर काहीही बिनसलं की त्याचा जाब ते मला विचारत.

"मास्तरीणबाई, लाइन कोनाची?"

"कसली लाइन, काका?"

"समुद्राची हो! हे पाहा. कासवीण एका देशात अंडे देते. मंग पोहत पोहत दुसऱ्या देशात चराले जाते. अन् मधात तिसऱ्याच देशाच्या जाळ्यात अटकून मरते. मंग जबाबदार कोन?"

मी त्यांना सांगितलं, की किनाऱ्यापासून काही अंतरापर्यंतचं पाणी त्या त्या देशाचं असतं. पुढचं सगळ्यांचं.

काका खुर्चीत बसले. एक हात सुजलेल्या गालावर होता. "सगळ्यांचं," ते म्हणाले, "म्हंजे कोनाचंच नाई. बाप्पा! एवढी मोठी लाइन, अन् कंट्रोल नाई?"

त्या दिवसापासून कॉलनीला शांतता लाभली नाही. काकांचा प्लॅन तयार झाला आणि तो त्यांनी प्रत्येकाला ऐकवला. गाडी अजमेरच्या हद्दीतून जयपूरच्या हद्दीत येते तेव्हा तिकडचा कंट्रोलर इकडच्याला कळवतो, घ्या, तुमची झाली. कासवांचंही तसंच हवं. श्रीलंकेने भारताला कळवायचं, भारताने ओमानला, ओमानने पुढच्याला. रोज कळवायचं आणि टायमिंगसकट. "पंधरा देश हायेत तं पंधरा स्टेशनं समजा. गाडी हरवते का कधी? नाई हरवत. मंग कासव काऊन हरवलं पायजे?"

माझा नवरा अरुण वर्कशॉपमध्ये होता. तो एकदा म्हणाला, "काका, कासवाला सिग्नल कुठे दाखवणार?" त्यावर काकांनी पुढचे पंधरा दिवस आमचं सांगानेर बंद ठेवलं. दुधाची चौकशीसुद्धा मीणाजींमार्फत.

त्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीची सजावट चुकून त्यांच्याकडे गेली. चुकून म्हणजे बाकीचे बैठकीला उशिरा पोचले. काकांनी निळ्या चादरी पसरून महासागर केला, कडेने पुठ्ठ्याचे देश लावले आणि गणपतीची स्थापना मालदीवच्या थोडं खाली केली. आरतीला उभं राहायचं तर आफ्रिकेत उभं राहावं लागे. इथवर लोकांनी सहन केलं. पण काकांनी रव्याचे लाडू पिठीसाखरेच्या ढिगात पुरून ठेवले होते, आणि दर्शनाला आलेल्या, मोठी वर्गणी देणाऱ्या शेठजींना ते प्रेमाने म्हणाले, "घ्या नं, कासव के अंडे हैं. धीरे से निकालिए." शेठजी जैन होते. हातातला लाडू त्यांनी असा काही खाली ठेवला की मी पुन्हा तसं कोणाला काही ठेवताना पाहिलं नाही. त्या वर्षी मंडळाची वर्गणीही बेताचीच जमली.

स्वतः काकांनी खरं कासव एकच पाहिलं होतं. रामनिवास बागेतल्या प्राणिसंग्रहालयात एक होतं, पाठीवर पिवळ्या चांदण्यांचं. दर रविवारी ते त्याला काकडी न्यायचे. ते जमिनीवरचं कासव आहे, त्याचा समुद्राशी काही संबंध नाही, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माझा तरी कुठं हाय?"

आणि मग समुद्रच जयपूरला आला.

हिंदी महासागराच्या काठच्या देशांची एक बैठक भरणार होती. समुद्रातली कासवं, देवमासे, पोवळ्यांचे खडक, सगळं मिळून कसं राखायचं याची योजना करायला. बैठक कुठे घ्यायची यावरून म्हणे आपल्या समुद्रकाठच्या राज्यांत जुंपली. कोणाचाच राग नको म्हणून दिल्लीने असं शहर निवडलं जिथून कुठल्याही दिशेला निघालं तरी समुद्र लागायला दोन दिवस जावेत. शिवाय परदेशी पाहुण्यांना आमेरच्या किल्ल्यावर हत्तीवरून जायचं होतं. सागराच्या रक्षणासाठी हत्ती हवाच.

बैठकीच्या आदल्या दिवशी आयोजकांच्या लक्षात आलं, की भिंतीवर लावायला महासागराचा मोठा नकाशा आणलेलाच नाही. दिल्लीहून आलेले माथुरजी नावाचे अधिकारी जौहरी बाजारापर्यंत हिंडून आले. दुकानांत राजस्थानचे नकाशे होते, जयपूरचे होते, एका ठिकाणी मनुष्याच्या आतड्यांचा होता. शेवटी ते आमच्या शाळेत आले. आमच्याकडे तो नकाशा होता, मेणकापडाचा, भिंतभर. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तो माझ्या जबाबदारीवर दिला, आणि रिक्षात न मावणारी ती गुंडाळी खांद्यावर घेऊन यायला मी शेजारधर्म म्हणून काकांना विचारलं.

काका नकाशा घेऊन बैठकीच्या हॉटेलात शिरले ते तीन दिवस बाहेर आलेच नाहीत. जेवायला आणि ड्यूटीला जाऊन यायचे तेवढंच. माथुरजींनी विचारलं, "आप कौन?" काका म्हणाले, "नक्शे के साथ का आदमी." माथुरजींना वाटलं शाळेचा नियम असेल. सरकारी माणसाला नियम म्हटलं की पुढे विचारावंसं वाटत नाही. नकाशाची जबाबदारी माझी असल्यामुळे मलाही शाळेतून सुट्टी मिळाली आणि एक खुर्ची मिळाली. पाहुण्यांसाठी चपला-बांगड्यांच्या दुकानात दुभाषी म्हणूनही मी उपयोगी पडत होते.

पहिल्या दिवशी प्रत्येक देशाच्या माणसाने उठून आपलं आपलं पाणी दाखवलं. आमच्याकडे इतके किनारे राखलेत, इथे मासेमारी बंद केलीय. सगळं छान होतं. फक्त नकाशावर प्रत्येकाची काठी आपल्या हद्दीपर्यंत जायची आणि तिथे थांबायची. पुढचा माणूस यायचा आणि त्याची काठी तिथून सुरू व्हायची. मधल्या मोठ्या निळ्या भागाला कोणी काठी लावेना. काका नकाशाजवळ उभे राहून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या भुवया म्हणत होत्या, लाइन कोनाची?

दुसऱ्या दिवशी दोन शेजारी देशांचं वाजलं. नावं घेत नाही, दोघेही सज्जन होते. एका बेटाभोवतीचा पट्टा राखीव करायचा होता. करायला दोघेही तयार होते. पण योजनेत तो कोणाच्या नावापुढे लिहायचा? एकाने लिहिलं की दुसरा हरकत घ्यायचा. दुपारपर्यंत ते एकमेकांशी बोलेनासे झाले. चहाच्या वेळी साखर हवी असली तर माथुरजींना सांगत.

तेव्हा काकांना राहवलं नाही. त्यांनी हात वर केला, आणि कोणी परवानगी द्यायच्या आत रेल्वेच्या इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. ते इंग्रजी टेलिग्रामसारखं असतं, क्रियापदाला त्यात जागा नसते. मी मधे मधे जोडकाम करत होते. एकेरी लाइनवर ड्रायव्हरच्या हातात टोकनचा गोळा असल्याशिवाय गाडी पुढे जात नाही, हे त्यांनी सांगितलं. तसं प्रत्येक कासवाला टोकन बांधायचं. मग कोणी कुठेही पकडलं तरी टोकनवरून कळेल गाडी कुठून सुटली.

मग कोलंबोहून आलेले एक म्हातारे गृहस्थ अगदी अदबीने म्हणाले, "सर, आम्ही ते करतो. पुढच्या पायाला पत्र्याची खूणपट्टी लावतो. बरीच वर्षं झाली."

मला वाटलं काका खजील होतील. ते माझ्याकडे वळले. चेहरा नुसता फुलला होता. "म्हंजे मी बरोबर होतो!"

मग त्यांनी विचारलं, कासवं लेट का होतात. मग विचारलं, पाण्यात श्वास घेताना नाकात पाणी जात नाही का. कासव पाण्यात श्वास घेतच नाही, त्याला वर यावं लागतं, हे ऐकून ते थक्कच झाले. "मंग जाळ्यात अटकलं का गुदमरून मरते?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी हो म्हटलं. "मले वाटे कापून खातात म्हनून मरते," ते म्हणाले. "हे तं बुडून मरनं झालं. समुद्रात राहनाऱ्यानं समुद्रातच बुडून."

संध्याकाळी, माथुरजी नुसतेच घाम पुसत असताना, काका उठले आणि सगळ्या महासागराला घरी जेवायला बोलावून मोकळे झाले.

माथुरजी पळत आले. हे नियमात बसत नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे, हॉटेलात व्यवस्था आहे, असं बरंच काही म्हणाले. पण मोंबासाहून आलेल्या अमिनाबाई होत्या, उंच, धिप्पाड, हसल्या की खुर्ची हलायची. त्या म्हणाल्या, की आल्यापासून त्या उकडलेले बटाटे खातायत, आणि आज कोणाच्या तरी घरचं मिळालं नाही तर त्या हत्ती खातील. त्यांच्या मागे सहा-सात जण तयार झाले. ते दोघे न बोलणारे शेजारीही तयार झाले, कारण एक येतोय म्हटल्यावर दुसऱ्याला मागे राहणं शक्य नव्हतं.

मी पुढे रिक्षाने येऊन शांताकाकूंना बातमी दिली. काकू म्हणजे काकांच्या बायको. बुटक्या, कामाला वाघ, आणि नवऱ्याचं बोलणं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडण्यात तरबेज. त्यांनी शांतपणे विचारलं, "किती देश?"

"सात-आठ."

"चटनी खातात का?"

"माहीत नाही."

"खातीन," काकू म्हणाल्या आणि पाटवड्यांसाठी बेसन काढलं.

मी कणीक मळायला बसले. काकू रश्श्याचा मसाला भाजत होत्या. सगळं घर खोबऱ्याच्या आणि तिखटाच्या वासाने भरलं होतं. मी आपली सहज म्हणाले, "काकू, या काकांना समुद्राचं वेड लागलं तरी कसं हो? दाताचं निमित्त झालं आणि..."

काकूंनी झारा थांबवला नाही. "दाताचं काय घेऊन बसली," त्या म्हणाल्या. "आमचा विनू जहाजावर हाय नं."

मला ठाऊक नव्हतं. त्यांना एक मुलगा आहे आणि तो बाहेरगावी नोकरीला आहे, एवढंच कॉलनीला माहीत होतं. कोणी विचारलंच तर काका म्हणायचे, "तो सेक्शन बंद हाय," आणि आम्हाला वाटायचं, हीही एक गंमत.

काकूंनी सांगितलं. काकांनी साहेबांच्या हातापाया पडून विनायकला रेल्वेत अप्रेंटिसची जागा मिळवली होती. हजर व्हायच्या आठवड्यात पोरगा मुंबईला गेला आणि मालवाहू जहाजावर चढला. त्याचा म्हणे लहानपणापासून जीव तिथेच. निघताना बापलेकांचं वाजलं. काका त्याला म्हणाले होते, जायचं तर जा, पुन्हा मले तोंड दाखवू नोको. पोरगाही बापाचाच. त्याने नाही दाखवलं. पत्रं आईच्या नावाने येतात, आफ्रिकेहून, अरबस्तानातून, कुठून कुठून.

"तवापासून यांनी त्याचं नाव नाई घेतलं," काकू म्हणाल्या. "मले वाटलं, आता समुद्र म्हटलं का अंगावर येतीन. तं हे भलतंच सुरू झालं. म्या म्हटलं, चालू दे. नाव नाई घेत तं नाई घेत, निदान तिकडचं बोलून तं राहिले." मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला बजावलं, "मसाल्याचा धूर हाय. अन् हे पाय सुमन, जेवताना त्याचा विषय काढजो नोको."

महासागर रेल्वेच्या जीपमधून आला. कॉलनी गोळा झाली. काकांनी दारात उभं राहून एकेकाला आत घेतलं, "मोंबासा, या! कोलंबो, या! मस्कत, जोडे तिकडं!" बाहेरच्या खोलीत सतरंज्या टाकल्या होत्या. मीणाजींकडून ताटं आली होती, बांदीकुईने उशांचे अभ्रे इस्त्री करून दिले होते, का ते कोणालाच कळलं नाही.

वऱ्हाडी पाटवडीच्या रश्श्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. मस्कतचे गृहस्थ पहिल्या घासाला रडले, दुसऱ्याला हसले आणि तिसऱ्याला त्यांनी टोपी काढली. अमिनाबाईंनी वाटी तोंडाला लावली. ते दोन न बोलणारे शेजारी काकांनी मुद्दाम शेजारी शेजारी बसवले होते. दोघांमध्ये पाण्याचा एकच तांब्या ठेवला होता. रस्सा पोटात गेल्यावर दोघांनी एकदमच तांब्याकडे हात नेला. थोडा वेळ तांब्या हवेत राहिला. मग एकाने दुसऱ्याच्या पेल्यात आधी ओतलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, सगळ्यांची तोंडं भाजलेली होती.

दुसऱ्या दिवशी योजनेत एक कलम आलं, की कोणाचंही पाणी असो, कासवांची हालचाल दिसली की सगळ्यांनी एकमेकांना कळवावं, आणि त्या बेटाभोवतीचा पट्टा दोघांच्याही नावापुढे लिहावा. हे त्यांचं आधीपासून ठरत आलं होतं असं मला माथुरजी म्हणाले. काका ते मरेपर्यंत मानणार नव्हते. ते सगळ्या कॉलनीत सांगत फिरले, की हिंदी महासागरातला पहिला करार शांताच्या रश्श्यावर झाला. असो. मला सांगायचंय ते जेवणानंतरचं.

ताटं उचलली होती. मी सुपारीचं तबक फिरवत होते. काका मस्कतच्या गृहस्थांजवळ जाऊन बसले. मला वाटलं, आता टोकन निघणार. पण त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. त्यांना विचारायचं होतं ते त्यांच्या टेलिग्रामी इंग्रजीत मावत नसावं.

"त्याइले इचार," ते म्हणाले, "तुमच्या बंदरात जहाजं येतात, तं त्या जहाजावरच्या पोराइले खाले-प्याले बरं भेटते का?"

मी विचारलं. मस्कतचे गृहस्थ जरा बुचकळ्यात पडले. म्हणाले, बंदराबाहेर खानावळी आहेत, मासे चांगले मिळतात. काकांनी मान डोलावली. मग ते कोलंबोकडे सरकले. तोच प्रश्न. तिथे भात मिळतो, नारळाच्या दुधातली आमटी मिळते. "भात भेटते," काका स्वतःशी म्हणाले. मग पुढचे. कोणाकडे खलाशांसाठी दवाखाना आहे, पण ताप आला तर जवळ कोणी बसतं का, हे काकांनी मला दोनदा विचारायला लावलं. एकाही माणसाला त्यांनी कासवांचं विचारलं नाही.

अमिनाबाई शेवटी बसल्या होत्या. त्या मघापासून काकांकडे पाहत होत्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी माझा प्रश्न पुरा होऊ दिला नाही. त्यांनीच विचारलं, "त्याचं नाव काय?"

मी काकांकडे पाहिलं. हे भाषांतर करावं की नाही मला कळेना. पण तेवढं इंग्रजी काकांना येत होतं. ते सतरंजीचा दोरा ओढत राहिले.

"विनायक," काका म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "विनायक मनोहर सोनटक्के."

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. काकू तिथे कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे. हात ओले होते.

अमिनाबाईंनी ते नाव दोन-तीनदा म्हणून पाहिलं. सोनटक्के त्यांच्या तोंडात बसेना, पण विनायक नीट आलं. मग त्या म्हणाल्या, की मोंबासाच्या बंदरात त्यांचा भाऊ कामाला आहे, आलेल्या प्रत्येक जहाजावर तो चढतो. तो चौकशी करत राहील. विनायकचं जहाज लागलं की त्या त्याला घरी नेऊन जेवू घालतील. हा रस्सा काही जमणार नाही, पण मासे चांगले करतात. "पण तो मला विचारेल," त्या म्हणाल्या, "की वडील काय म्हणतात. मी त्याला काय सांगू?"

हे मात्र मला मराठीत सांगावं लागलं.

काकांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "सांगा, घरी सगळे बरे हायेत." मी सांगितलं. अमिनाबाई थांबून राहिल्या. "अन् सांगा," काका म्हणाले, "तुझा बाप आता समुद्राचंच काम करून राहिला."

मी तेही सांगितलं. अमिनाबाई हसल्या नाहीत. त्या काकूंकडे पाहत होत्या.

काकू दारातून पुढे आल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पदराने हात पुसले आणि मला म्हणाल्या, "अन् म्हनाव, ये."

मी इंग्रजी शब्द जुळवायला तोंड उघडलं. पण अमिनाबाईंनी तोवर उठून काकूंचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले होते.